मूळ प्रत कोणाच्या हाती?

इतिहास कोणी लिहिला, हा प्रश्न दलित चळवळीने फार पूर्वी विचारला आणि त्याचे उत्तरही स्वतःच्या लेखणीने दिले. पण इतिहास कशावर लिहिला गेला आणि ज्यावर लिहिला ती वस्तू पुढे कोणाच्या कपाटात राहिली, हा प्रश्न आपण अद्याप पुरेशा गांभीर्याने हाताळलेला नाही. गावगाड्यात वतन आपले, पण वतनाचे कागद कुलकर्ण्याच्या दप्तरात. ज्याच्याकडे दप्तर त्याचाच शब्द खरा, हे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या सोसले आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदीचे एक नवे साधन जगात आले. ते म्हणजे चित्रफीत, व्हिडीओ टेप. पुढे तिच्या जागी कार्ड आले, मग मोबाईल आला. आपले मेळावे, मोर्चे, जलसे, धम्मदीक्षेचे सोहळे, अत्याचारानंतरच्या वस्तीतील साक्षी, हे सारे गेल्या चाळीस वर्षांत या साधनावर नोंदले गेले. त्यातले किती आज पाहता येते? विद्यार्थी माझ्याकडे कॅसेट घेऊन येतात आणि विचारतात, 'सर, यात काय आहे ते कसे बघायचे?' माझे आजोबा एक सातबाऱ्याचा उतारा जपून ठेवत, पण तो वाचणारा घरात कोणी नव्हता. आज आपल्या घरात कॅसेट आहे, ती वाचणारे यंत्र नाही. दोन्ही प्रकारची निरक्षरता परावलंबी करते.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, तंत्रज्ञ नव्हे. तरीही या साधनाचा इतिहास मी येथे मांडू इच्छितो. माझे म्हणणे थोडक्यात असे : चित्रीकरण करणे हे अर्धे काम आहे. ते कॅमेऱ्यातून बाहेर काढून संपादनाच्या टेबलापर्यंत अबाधित नेणे आणि मूळ प्रत आपल्या ताब्यात ठेवणे, हे उरलेले अर्धे काम. चित्राच्या मालकीचा निकाल नेहमी या दुसऱ्या अर्ध्यात लागत आला आहे.

१

चित्रपटाची फिल्म आणि चित्रफीत यांतील भेद आधी ध्यानात घ्यावा लागेल. फिल्मवर प्रकाशाची रासायनिक खूण उमटते. ती उजेडासमोर धरली तर चित्र डोळ्यांना दिसते. चित्रफितीवर चुंबकीय द्रव्याचा लेप असतो आणि चित्र त्यात चुंबकीय खुणांच्या रूपाने राहते. ती उजेडासमोर धरली तर नुसती तपकिरी पट्टी दिसते. विशिष्ट रुंदीची, विशिष्ट वेगाने चालणारी फीत, आणि तिच्यासाठीच बनवलेले यंत्र, या दोहोंची गाठ पडल्याशिवाय चित्र नाही. यंत्र नसेल तर फीत मुकी. या साधनाची सारी पुढची कहाणी या एका परावलंबनातून निघालेली आहे.

ज्या १९५६ साली नागपूरला धम्मक्रांती झाली, त्याच साली अमेरिकेत अँपेक्स या कंपनीने चित्रफितीचे पहिले व्यावसायिक यंत्र दाखवले. फीत दोन इंच रुंद होती, आणि यंत्राची किंमत सुमारे ५० हजार डॉलर. अर्थात हे साधन दूरचित्रवाणीच्या मोठ्या कंपन्यांपुरतेच होते. फीत इतकी महाग होती की कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत पडली. ब्रिटनच्या बीबीसीसारख्या संस्थेनेही साठ-सत्तरच्या दशकांतील असंख्य कार्यक्रम अशा रीतीने पुसले. 'डॉक्टर हू' या अतिशय लोकप्रिय मालिकेचे अनेक भाग त्यामुळे संस्थेच्या संग्रहातून नाहीसे झाले. लोकप्रिय मालिकेची ही गत, तर कामगाराच्या, काळ्या माणसाच्या मुलाखतीची काय कथा! काय ठेवायचे आणि काय पुसायचे हा निर्णय फितीचा मालक घेई. पुसणे ही सुद्धा इतिहासलेखनाची एक पद्धत आहे, हे आपण विसरता कामा नये.

१९६७ मध्ये सोनी कंपनीने 'पोर्टापॅक' नावाचा जोड बाजारात आणला. हातात कॅमेरा, खांद्याला रेकॉर्डर. अर्धा इंच फीत, तीही रिळावर गुंडाळलेली, आणि चित्र कृष्णधवल. प्रथमच स्टुडिओच्या बाहेर, एकट्या माणसाला चित्रफीत वापरता येऊ लागली. अमेरिकेतील युद्धविरोधी तरुण, स्त्रीमुक्तीवादी गट यांनी ती लगेच उचलली. १९७१ मध्ये सोनीनेच 'यू-मॅटिक' आणले. पाऊण इंच रुंदीची फीत आता बंद कॅसेटमध्ये आली. बाहेर नेण्याच्या यंत्रात २० मिनिटांची कॅसेट बसे, मोठ्या यंत्रात तासाभराची. जगभरच्या बातमीदारीत फिल्मची जागा या कॅसेटने घेतली.

मग घरगुती बाजार उघडला. १९७५ मध्ये सोनीचे बीटामॅक्स, १९७६ मध्ये जेव्हीसी कंपनीचे व्हीएचएस. दोन्हींची फीत अर्धा इंचच, पण एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात जात नसे. शिवाय देशादेशांचे दंडक वेगळे. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेत एनटीएससी पद्धत, ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. तिकडच्या नातेवाइकाने पाठवलेली कॅसेट येथील साध्या यंत्रात नीट दिसत नसे. या जातिवंत कॅसेटींना रोटीबेटीव्यवहाराची उपमा देण्याचा मोह होतो. पण ती उपमा फसवी आहे. कॅसेटींची फारकत कंपन्यांच्या नफ्यासाठी होती आणि बाजारात एक हरताच संपली. जात अशी कोणत्याही बाजारात हरत नाही.

२

आता संपादनाकडे वळू. फिल्म कात्रीने कापून जोडता येते. कॅसेटच्या काळातील चित्रफितीचे संपादन म्हणजे नक्कल. एका यंत्रात मूळ कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी, आणि हवा तो तुकडा हव्या त्या जागी नकलून घ्यायचा. एकामागून एक असे तुकडे जोडत जायचे. मध्येच एखादा तुकडा घालावासा वाटला तर त्याच्या पुढचे सारे पुन्हा करावे लागे. किंवा झालेल्या कामाचीच आणखी एक नक्कल काढून तीत बदल करावा लागे.

या नकलेत खोट होती. चुंबकीय खुणा नकलताना प्रत्येक वेळी चित्र थोडे विरते, रंग पसरतो, आवाजात खरखर वाढते. इंग्रजीत याला पिढीगणिक होणारी झीज म्हणतात. मूळ कॅसेट ही पहिली पिढी, संपादित प्रत दुसरी, तिच्यावरून वाटलेल्या प्रती तिसरी. वस्तीतल्या समाजमंदिरात जी कॅसेट पोहोचे ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या पिढीची. व्हीएचएसमध्ये मुळातच आडवे बारकावे सुमारे २४० रेषांइतकेच, त्यात ही झीज. आपल्या मोर्चाच्या कॅसेटमध्ये माणसांचे चेहरे पुसट का दिसतात, याचे कारण कॅमेरावाल्याच्या हातात शोधू नका. मूळ प्रत दुसऱ्याकडे राहिली आणि आपल्याकडे नकलेची नक्कल आली, हे ते कारण आहे.

दोन यंत्रे, त्यांना जुळवून चालवणारे नियंत्रक, दोन पडदे, एवढा संच लागे. तो शहरात असे आणि तासाच्या भाड्याने मिळे. म्हणजे चित्रीकरण वस्तीत आणि संपादन बाजारपेठेत. टेबलावर बसलेला माणूस कोण, त्याला जलशातले शब्द कळतात का, कोणत्या भाषणातले कोणते वाक्य कापायचे हे तो कशावरून ठरवतो, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. अनेकदा काम झाल्यावर मूळ कॅसेट त्याच्याकडेच राहिली आणि पुढच्या लग्नाच्या शूटिंगसाठी तिच्यावरच नवे चित्रीकरण झाले.

महाराष्ट्राचा विचार करू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. यू-मॅटिक निघून तेव्हा सात वर्षे झाली होती. पण जळणाऱ्या घरातल्या माणसाच्या हाती ते यंत्र नव्हते, आणि ज्यांच्या हाती दूरचित्रवाणी होती ते सरकार होते. आपल्या हाती होते ते कागद : पत्रके, अनियतकालिके, कविता, सत्यशोधन समित्यांचे अहवाल. म्हणून नामांतराचा आपला इतिहास मुख्यतः शब्दांचा इतिहास आहे. त्या शब्दांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु डोळ्यांनी पाहिलेल्या जाळपोळीची हलती नोंद आपल्याकडे जवळजवळ नाही, ही वस्तुस्थिती आहे. तिचे कारण साधनांच्या वाटपात आहे.

३

साधन हाती आले की काय घडते, याची दोन उदाहरणे आपल्या शेजारच्या राज्यांतली आहेत.

पहिले अहमदाबादचे. 'सेवा' ही असंघटित कामकरी स्त्रियांची संघटना. १९८४ साली अमेरिकेच्या मार्था स्टुअर्ट यांनी तिच्या बायकांना व्हिडीओचे प्रशिक्षण दिले. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांतून 'व्हिडीओ सेवा' उभी राहिली आणि माणेक चौकातल्या भाजीविक्रेत्यांचा प्रश्न त्यांनी स्वतः चित्रित केला. लिपी येत नाही म्हणून नोंद करता येत नाही, हा हजारो वर्षांचा नियम तेथे मोडला.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर जहीराबाद लागते, त्याच्याजवळ पस्तापूर. तेथील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतील दलित शेतमजूर स्त्रिया नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅमेरा चालवायला शिकल्या. चित्रीकरणाच्या कोनांना त्यांनी आपली नावे दिली. कॅमेरा खालून वर पाहतो तो गुलामाचा शॉट, कारण जमीनदारासमोर मजूर असाच पाहतो. वरून खाली पाहतो तो पटेलाचा शॉट. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून घेतलेला तो संघमचा शॉट, कारण संघाच्या बैठकीत सगळ्या जमिनीवर एका पातळीत बसतात. चित्रपटशास्त्राच्या पुस्तकांत कोनांची जी तटस्थ नावे आहेत, त्यांच्यामागे दडलेली सत्ता या स्त्रियांनी एका शब्दात उघडी केली. वरंगळच्या शेतकऱ्यांचे बीटी कापसाने काय झाले, हे त्यांनी हंगामामागून हंगाम चित्रित केले. शेतकऱ्याशी शेतकरीणच बोलत होती, म्हणून शेतकरी मोकळेपणी बोलला.

माझ्या दृष्टीने या उदाहरणांतील महत्त्वाची गोष्ट अशी की या स्त्रियांची नोंद त्यांच्या संघटनेच्या ताब्यात राहिली. 'आमचे शूटिंग करायला कोणी तरी आले होते, पुढे त्याचे काय झाले माहीत नाही,' हे वाक्य तुम्ही-आम्ही किती वस्त्यांत ऐकले आहे! ते वाक्य त्यांना म्हणावे लागत नाही.

४

१९९५ मध्ये या क्षेत्रात मोठे स्थित्यंतर झाले. डीव्ही नावाची अंकीय पद्धत आली. तिची छोटी कॅसेट, जिला आपण मिनीडीव्ही म्हणतो, तीत चित्र चुंबकीय लाटांऐवजी अंकांच्या रूपाने लिहिले जाऊ लागले. प्रमाण ठरलेले : चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिट, म्हणजे आवाजासह तासाला सुमारे १३ जीबी. कॅमेऱ्यातून 'फायरवायर' नावाची तार थेट संगणकात जाई. कॅसेट एक तासाची असेल तर ती उतरवायला तासच लागे. पण जे अंक कॅसेटवर होते तेच संगणकात येत. पिढीगणिक झीज संपली. दहावी नक्कलही पहिलीसारखीच. संगणकावर तुकडे हवे तसे हलवता येऊ लागले, मूळ फाईलला धक्का न लावता. संपादनाचे टेबल भाड्याच्या संचातून साध्या खोलीत आले.

या पद्धतीत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल तर प्रत्येक चित्राबरोबर तारीख आणि वेळ कॅसेटवर लिहिली जाते. ती पडद्यावर दिसत नाही, पण अंकांत असते. फायरवायरने उतरवले तर ती बरोबर येते. टीव्हीला जोडायच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांनी उतरवले तर चित्र येते, वेळ गळून पडते.

वेळेचे मोल काय, हे आपण रक्त देऊन शिकलो आहोत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मारली गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा होता. अशा घटनेत सारा वाद येऊन ठेपतो तो 'आधी काय आणि नंतर काय' यावर. कापून जोडलेल्या चित्रफितीत आधीचे नंतर आणि नंतरचे आधी करता येते. न कापलेल्या मूळ फितीत ते करता येत नाही. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने त्या तुकडीच्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. त्याला पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात घोगरे गायले होते. त्यांच्या मृत्यूपासून पटवर्धनांनी जे चित्रीकरण सुरू केले त्यातून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट झाला. त्याला चौदा वर्षे लागली. या चौदा वर्षांत कॅसेटचा जमाना संपून कार्डांचा सुरू झाला. एवढ्या दीर्घ काळाची नोंद एका सलग कथनात आणायची तर जुने चित्रीकरण जपावे लागते, ओळखता येईल असे लिहून ठेवावे लागते आणि नव्या यंत्रात नेता यावे लागते. शाहिरांचे आवाज आज आपण त्या माहितीपटात ऐकतो, ते या चिकाटीमुळे.

५

२००३ मध्ये एचडीव्ही आली, कॅसेट तीच पण चित्र अधिक बारीक. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिक यांनी एव्हीसीएचडी ही पद्धत जाहीर केली, आणि घरगुती कॅमेऱ्यांत कॅसेटची जागा हळूहळू कार्डाने व हार्ड डिस्कने घेतली. या नव्या पद्धतींत जागा वाचवण्यासाठी युक्ती असते. प्रत्येक चित्र पूर्ण लिहिले जात नाही. काही चित्रांनंतर एक चित्र पूर्ण, आणि मधल्यांत फक्त काय बदलले तेवढेच. त्यामुळे फाईल लहान होते, पण संपादन करताना संगणकाला मधली चित्रे जुळवत बसावे लागते. म्हणून लोक ती दुसऱ्या स्वरूपात 'कनव्हर्ट' करून घेतात. कनव्हर्ट केलेली फाईल ही नक्कल आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तिच्यावर काम करावे, पण मूळ फाईल फेकू नये.

कार्डात फाईली विशिष्ट घडणीच्या फोल्डरांत असतात. लांब चित्रीकरणाचे कॅमेरा आपोआप तुकडे पाडतो आणि ते कसे जोडायचे याची माहिती शेजारच्या छोट्या फाईलींत ठेवतो. आपली मुले कार्ड उघडतात, मोठ्या फाईली ओढून घेतात, बाकीचा 'कचरा' सोडून देतात. मग तासाभराच्या भाषणात सांध्यावर शब्द तुटतात. कार्ड जसेच्या तसे, सर्व फोल्डरांसह उतरवणे हाच बरोबर मार्ग आहे.

पण खरा धोका याहून मोठा आहे. कॅसेट संपली की ती कपाटात जाई. ती वस्तू होती. तिच्यावर पेनाने नाव लिहिता येई. कार्ड मात्र दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी पुसायचेच असते. साठ वर्षांपूर्वी महाग फीत वाचवण्यासाठी मोठ्या संस्था जे करत, ते आज आपण स्वतःच्या हाताने करतो. मूळ प्रत ही वस्तू म्हणून उरतच नाही. ती कोणी तरी ठरवून निर्माण करावी लागते.

आणि मोबाईल. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उनाजवळच्या मोटा समढियाळा येथील दलितांना मेलेल्या गाईचे कातडे काढल्यावरून मारहाण झाली. त्यांतील तरुणांना उना गावात गाडीला बांधून फोडून काढले. रमाबाई नगरचा गोळीबारही ११ जुलैचाच. उनाचे चित्रीकरण मारणाऱ्यांच्या बाजूने झाले आणि त्यांनीच ते फिरवले. दहशत बसावी म्हणून केलेली ती नोंद त्यांच्यावरच उलटली आणि देशभर दलित रस्त्यावर आले. तरीही एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. मारणाऱ्याने आपली फुशारकी चित्रित केली नसती तर आपल्याकडे काय पुरावा असता?

मोबाईलवर आलेले चित्र निरोपाच्या ॲपमधून फिरते तेव्हा ते पुन्हा दाबले जाते. फाईल लहान होते, बारकावे जातात, मूळ तारीख, वेळ, उपकरणाची खूण बहुधा निघून जाते. व्हीएचएसची पिढीगणिक झीज अंकीय युगात अशी पुन्हा परतली आहे. दहा गटांतून फिरून आलेले चित्र म्हणजे समाजमंदिरातली ती चौथ्या पिढीची कॅसेटच.

६

हे सारे न्यायालयाच्या दाराशी जाऊन पोहोचते. आपल्याच जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून एक खटला उद्भवला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील चित्रीकरणावरून ठरायचे होते. न्यायालयापुढे आल्या त्या सीडी, म्हणजे नकला. आणि आवश्यक ते प्रमाणपत्र संबंधित अधिकारी मागूनही देईनात. सर्वोच्च न्यायालयाने खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले : मूळ उपकरणच हजर केले आणि त्याच्या धन्याने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही, नक्कल दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हाच दंडक आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलचा 'हॅश' नमूद करावा लागतो. हॅश म्हणजे फाईलवरून गणिताने काढलेला अंकांचा ठसा. फाईलमध्ये एक अंक बदलला तरी ठसा बदलतो. तो काढणारी साधने फुकट मिळतात.

अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, कलम १५-अ आले. त्याच्या दहाव्या पोटकलमानुसार या कायद्याखालील कामकाजाचे चित्रीकरण व्हावयाचे आहे. म्हणजे चित्रीकरण हा आता पीडिताच्या हक्काचा भाग झाला आहे. हक्क कागदावर आला की तो वसूल करणारा जाणता माणूस लागतो. चित्रीकरण झाले का, त्याची मूळ प्रत कोठे आहे, हे विचारणारा कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात असला पाहिजे.

जुन्या कॅसेटींच्या बाबतीत तर वेळ संपत आली आहे. २०१९ मध्ये युनेस्कोच्या माहितीविषयक कार्यक्रमाने आणि ध्वनिचित्र संग्रहपालांच्या आंतरराष्ट्रीय संघाने जगाला इशारा दिला होता की चुंबकीय फिती २०२५ च्या सुमारास वाचता येईनाशा होऊ लागतील, कारण यंत्रे आणि सुटे भाग संपत आहेत. ते साल उलटून गेले आहे. व्हीएचएसची यंत्रे बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्येच उत्पादन थांबवले. फायरवायरची तार नव्या संगणकांत बसत नाही.

म्हणून काही कामे मी सुचवतो. जिल्ह्यातील विहारे, वसतिगृहे, जुन्या कार्यकर्त्यांची कपाटे यांतील कॅसेटींची यादी करावी : प्रकार, त्यावरचे लिखाण, कोणाकडे आहे. व्हीएचएस कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची चकती मोडावी आणि मिनीडीव्हीची सरकपट्टी बंद करावी, म्हणजे चुकून वर चित्रीकरण होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नये. ती फीतही जाते आणि यंत्रही बिघडते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. मिनीडीव्ही फायरवायरनेच उतरवावी आणि आलेली मोठी फाईल तशीच ठेवावी. दुकानदाराने सीडी-डीव्हीडी करून दिली म्हणून कॅसेट टाकू नये, कारण डीव्हीडीतही चित्र दाबलेले असते. कार्ड पूर्ण उतरवून, फाईलींची संख्या व आकार ताडून, दोन डिस्कवर दोन ठिकाणी ठेवावे आणि मगच पुसावे. अत्याचाराचे चित्रीकरण असेल तर ज्या मोबाईलवर ते झाले तो मोबाईल जपावा, त्यातील मूळ फाईल तारेने उतरवावी, त्याच दिवशी हॅश काढून तारखेसह लिहून ठेवावा. अशा चित्रात पीडितांचे चेहरे असतात. ते कोणाला दाखवायचे हे त्यांनी ठरवावे, आपण नव्हे.

आणि सर्वांत सोपे पण सर्वांत दुर्लक्षित काम : प्रत्येक चित्रीकरणाबरोबर एक वहीचे पान. गाव कोणते, तारीख कोणती, गाणारी बाई कोण, गाणे कोणाचे, मागे उभा असलेला म्हातारा कोण. ही माहिती कोणत्याही अंकांत नसते. ती आज ज्यांना आठवते ती माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याशेजारी बसून कॅसेट पाहायची आणि नावे लिहून घ्यायची, एवढेच करायचे आहे. महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाचे विषय हवे असतात. एकेका विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एकेक कॅसेट घ्यावी, ती उतरवावी, तिचे पान लिहावे आणि एक प्रत विहारात, एक महाविद्यालयात ठेवावी. आमच्या विभागात या वर्षीपासून आम्ही ते करतो आहोत. यादीत आतापर्यंत एकोणीस कॅसेटी आल्या आहेत, त्यांपैकी अकरा चालतात. उरलेल्या आठांतली एक १४ जानेवारी १९९४ ची, नामविस्ताराच्या दिवसाची आहे. ती साफ करू शकणारा माणूस आम्ही शोधतो आहोत.